एका थेंबात दोघी

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगितलं, "तुमचं मशीन चुकलंय."

माझे बाबा अंगानं काटकुळे. त्यांचा सदरा खुंटीवर असला काय आणि त्यांच्या अंगात असला काय, सारखाच दिसतो, असं आई म्हणते. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी भातशेती. निवृत्त झाले तरी पहाटे उठून बांधावर जायची सवय सुटली नाही. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात साखर म्हणजे बसून खाणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसांचा आजार. त्यामुळे शहापूरच्या दवाखान्यातून बाहेर पडताना बाबा रागानं म्हणाले, "मला साखर व्हायला मी काय शेठ हाय?"

आणि मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "गावात बोलू नको कोनाला."

गंमत अशी, की मुंबईतल्या ज्या संस्थेत मी तेव्हा काम करत होते तिथे माझा सगळा दिवस याच आजारात जायचा. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा अभ्यास. पण गावाला एवढंच ठाऊक, की पोरगी लॅबमध्ये आहे. लॅब म्हणजे रक्त काढतात ती. मी सुट्टीला घरी आले की शेजारच्या काकी बाही वर सारूनच ओटीवर यायच्या. "काढ गो बाय, शनिवारी वेळ नाय मिळत मुरबाडला जायला." मला सुई टोचता येत नाही हे सांगितलं तर त्यांना माझ्या शिक्षणाचीच काळजी वाटायची.

बाबांनी गोळ्या सुरू केल्या, पण चोरून. गोळीची पट्टी खिशात, पाण्याचा तांब्या घेऊन परसात. पथ्य म्हणून डॉक्टरांनी भात कमी करा सांगितलं होतं, तर त्यांनी भात खरंच सोडला आणि तांदळाच्या भाकऱ्या दुप्पट केल्या. मी म्हटलं, "बाबा, तांदूळ तोच आहे."

"भाकर वेगली आनि भात वेगला," ते म्हणाले. "भाकरीला चावायला लागतं."

आई चुलीपुढे पदर तोंडाला लावून हसत होती.

एका रविवारी दुपारी, ओटीवर शेंगा सोलत बसलो असताना, त्यांनी पहिल्यांदाच नीट विचारलं, की तू नक्की करतेस काय. मी सांगितलं, पोटाच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारके बारके पुंजके असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. त्या बेटांवर वेगवेगळ्या पेशी राहतात. काही रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन करतात, त्यांना बीटा म्हणतात. काही साखर वर आणणारं ग्लुकागॉन करतात, त्या अल्फा. पूर्वी हा सगळा तुकडा एकत्र वाटून तपासायचे, त्यामुळे कोण काय करतंय ते कळायचं नाही. आता आम्ही एकेक पेशी सुटी करतो, तिला तेलातल्या एका बारीक थेंबात बसवतो, तिच्याबरोबर ओळखीचा एक बिल्ला ठेवतो, आणि तिच्यात कुठली जनुकं काम करतायत ते वाचतो.

"म्हंजे घरोघरी जाऊन इचारायचं," बाबा म्हणाले. "मास्तर जनगणनेला येतात तसं."

"अगदी तसंच."

त्यांनी दोनतीन शेंगा सोलल्या. मग शेंगांकडेच बघत म्हणाले, "माज्या सगल्या मेल्या का गो? त्या बीटा?"

"नाही हो. काही कमी झाल्या असतील. पण बऱ्याचशा आहेत. काही दमल्यात. काही तर, आमच्या लोकांना असं वाटतं, की आपलं काम विसरल्यात. जिवंत आहेत, पण इन्सुलिन करत नाहीत."

"इसरल्या?" हा शब्द त्यांना फार आवडला. त्या संध्याकाळी भाकरीला हात घालताना ते आईला म्हणाले, "माज्या पेशी मेल्या नायत. इसरल्यात."

त्यानंतर काही महिन्यांनी ती गोष्ट घडली. मी वाशिंदला भाड्याच्या खोलीत राहते आणि लोकलनं मुंबईला ये-जा करते. त्या दिवशी प्रयोगशाळेत जायचं नव्हतं, नव्या नमुन्यांची माहिती संगणकावर आली होती आणि मी खोलीतच बसून ती लावत होते. हे काम बघायला छान असतं. पडद्यावर एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. सारखं काम करणाऱ्या पेशी जवळजवळ येतात आणि रंगीत ढग तयार होतात. बीटांचा ढग निळा लावला होता, अल्फांचा नारिंगी. आणि त्या दोघांच्या मध्ये, नेहमी रिकामी असते त्या जागी, ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका बसला होता. मी त्यावर बोट ठेवून बघितलं. या पेशी इन्सुलिनही करत होत्या आणि ग्लुकागॉनही.

दोन्ही करणारी पेशी म्हणजे कदाचित वाटेतली पेशी. अल्फाची बीटा होत असलेली. मधुमेह झालेल्या माणसाच्या स्वादुपिंडात अल्फा पेशी आपलं काम सोडून बीटांच्या मदतीला येत असतील तर? मी खुर्चीवरून उठले, खोलीत इकडून तिकडे फिरले, परत येऊन बघितलं. पुंजका तिथेच होता.

आमचे सर तेव्हा मुलीच्या लग्नासाठी सोलापूरला गेले होते. त्यांना फोन करणं बरं दिसलं नसतं. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून बाबांना केला.

"म्हंजे दुसऱ्या पेशी बीटांच्या कामाला येतील?" त्यांनी विचारलं.

"असं वाटतंय. अजून तपासायचंय. बाबा, कोणाला सांगू नका हं."

"छे गो, मी कशाला सांगू?"

म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती. ही जत्रा मी चुकवत नाही. आमचं गाव म्हशापासून जवळच, त्यामुळे त्या दिवसांत घरात पाहुण्यांना तोटा नसतो. मुरबाडहून रिक्षानं गावाच्या नाक्यावर उतरले आणि वर बघितलं, तर मीच.

माणसाएवढा फ्लेक्स. चुलतबहिणीच्या लग्नातला, झुमके घातलेला माझा फोटो. शेजारी कुठून तरी उतरवून घेतलेला एक सूक्ष्मदर्शक. वर ठळक अक्षरांत, 'मधुमेहावरील नवीन पेशीचा शोध लावल्याबद्दल आपल्या गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीनं, सगळे गॉगल लावून, त्यातला एक तर व्यायामशाळेत काढलेला. आणि सगळ्यात खाली, जत्रा आटोपल्यावर रविवारी शाळेच्या पटांगणात सत्कार.

मी घरी जाऊन बाबांसमोर उभी राहिले. "कोणाला सांगू नका म्हटलं होतं ना?"

"मी फक्त आपल्या मानसांना सांगितलं," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "ह्यांची आपली मानसं म्हंजे आख्खा तालुका."

चिडायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्याच होत होत्या. दुसऱ्या दिवशी जत्रेत बाबांनी मला बैलांच्या बाजारातून मिरवत नेलं. एरवी ते बैलांचे दात बघतात, भाव विचारतात, घेत काहीच नाहीत. त्या वर्षी बैलांकडे लक्षच नव्हतं. घोंगडी विकणाऱ्यापासून जिलेबीवाल्यापर्यंत प्रत्येकाला सांगत होते, "ही आमची बाय. साखरेची नवी पेशी हिनंच शोधली." नाशिककडून आलेल्या एका व्यापाऱ्यानं बैलाची वेसण धरूनच मला विचारलं, "मग गोळी कधी येणार, ताई?" मी म्हटलं, वेळ लागेल. बाबा मधेच म्हणाले, "लागू दे. पन येनार." आणि त्या आनंदात त्यांनी जिलेबीचा कागद हातात घेतला. मी तो काढून घेतला. त्या दिवशी मात्र त्यांनी वाद घातला नाही.

सोमवारी सर परत आले. लग्नाचे लाडू वाटून झाल्यावर मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुंजका बघितला आणि शांतपणे विचारलं, "या पेशींतून वाचलेला माल किती आहे? शेजारच्यांच्या मानानं?"

मी आकडा काढला. साधारण दुप्पट.

"हं," सर म्हणाले. "हे दोन दात्यांचे नमुने आपण एकत्र चालवले होते ना? एक पुरुष, एक बाई?"

"हो."

"मग बायकांच्याच पेशीत चालू असतं ते जनुक बघ. आणि पुरुषांच्याच पेशीत असतात ती पण बघ."

मी दोन्ही लावली. पुंजक्यातले कितीतरी ठिपके दोन्ही रंगांनी उजळले. एकच पेशी एकाच वेळी बाईची आणि पुरुषाची. अशी पेशी देवानंही केली नसती. दोन वेगळ्या पेशी एकमेकींना चिकटून एकाच थेंबात शिरल्या होत्या, एक अल्फा आणि एक बीटा, आणि संगणकानं त्या दोघींना मिळून एक धरलं होतं. असे जोड गाळायची चाळणी मी लावली होती, पण जरा सैल ठेवली होती.

सर हसले. वाईट हसले नाहीत. "अभिनंदन. हे प्रत्येकाला एकदा सापडतं. मला सापडलं तेव्हा मी आईला पत्र लिहिलं होतं."

"सर," मी म्हटलं, "माझ्या वडलांनी फ्लेक्स लावलाय."

यावर मात्र ते इतके हसले की बाजूच्या खोलीतली माणसं बघायला आली.

चहा घेऊन मी गच्चीवर गेले आणि बाबांना फोन लावला. "बाबा, फ्लेक्स उतरवा."

"का गो? फाटला?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे नवी पेशी नाय."

"नाही. दोन जुन्याच आहेत, एका थेंबात अडकलेल्या."

"आनि त्या बीटांच्या कामाला येत नायत."

"या नमुन्यात तरी तसं दिसत नाही."

मग ते म्हणाले, "मंग माज्या कशा सुधारनार?"

तेव्हा मला कळलं. फ्लेक्स, बैलबाजार, तो सगळा उत्साह माझ्यासाठी होताच, पण त्यांच्यासाठीही होता. या माणसानं आपल्याला साखर आहे हे गावाला सांगितलं नव्हतं, पण औषध येतंय म्हणून गावभर सांगत सुटला होता. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या पेशींना आज काय हवंय ते मला माहितीये. त्यासाठी नवीन शोध लागत नाही. त्यांच्यावरचं ओझं कमी करा. साखर आटोक्यात राहिली की दमलेल्या पेशी थोड्या सावरतात, हे बघितलेलं आहे लोकांनी. दोन भाकऱ्यांची एक करा. गोळी चुकवू नका."

"एक भाकर?"

"एक."

"बरं बघू," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "पन मंडपवाल्याला सांगून झालंय. आता तू ये आनि काय ते तूच सांग लोकांना."

सरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मी पण येतो. मुरबाड बघितलेलं नाही कधी." त्यांना बहुधा फ्लेक्स बघायचा होता. रविवारी नाक्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी त्याच्यापुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

पटांगणात चांगली गर्दी होती. आमच्या सरपंच वहिनी शहापूरकडच्या, लग्न होऊन गावात आलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी कार्यक्रमाला जोडून आरोग्य केंद्राच्या सिस्टरांना साखर तपासायला बोलावलं होतं. मंडपाच्या कडेला टेबल मांडलेलं, त्यामागे सिस्टर, आणि समोर कोणीच नाही. सगळे माझ्याकडे बघत बसलेले.

मी माइक घेतला आणि सांगून टाकलं. पेशी कशा मोजतो, नवीन पेशी सापडली असं मला का वाटलं, आणि ती का नाही. "मास्तर जनगणनेला आले आणि दोन घरांवर चुकून एकच नंबर टाकला, तर कागदावर काय दिसेल? एकाच घरात दोन चुली, दोन कर्ते, सगळंच दुप्पट. वाचणाऱ्याला वाटेल, काय हे अजब कुटुंब! तसं माझं झालं. कुटुंब अजब नाही. घरं दोन आहेत."

मागून कोणी तरी मोठ्यानं म्हणालं, "आमच्या आळीत खरंच झालेलं असं!" आणि मंडप हसायला लागला.

सरपंच वहिनी शाल हातात घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी माइकमध्येच विचारलं, "मंग शाल द्यायची का नाय?"

पहिल्या ओळीतले एक आजोबा म्हणाले, "द्या. चूक पोरीनंच पकडली ना?"

"मी नाही, सरांनी पकडली," मी म्हटलं.

"मंग सरांना द्या!"

आणि खरंच, टाळ्यांच्या कडकडाटात शाल सरांच्या खांद्यावर गेली. मला नारळ मिळाला. सर एवढे गोंधळले की त्यांनी सगळ्यांना दोनदा नमस्कार केला.

कार्यक्रम संपला असं वाटत असताना बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. आमच्या वरच्या पाड्यावरची. "बाय, त्या पेशी तुमी आनता कुटून? मानसाच्या?"

मी सांगितलं. काही माणसं जातात तेव्हा त्यांच्या घरचे अवयव दान करतात. ज्या स्वादुपिंडाचा रुग्णाला उपयोग होण्यासारखा नसतो, ते घरच्यांच्या संमतीनं अभ्यासाला मिळतं.

"नाव काय त्यांचं?"

"नाव आम्हाला कळत नाही, आजी. फक्त वय, आणि साखर होती की नव्हती."

तिनं कोणाकडे न बघता हात जोडले आणि खाली बसली. पडद्यावरचे ते ठिपके मी इतक्या वेळा बघितले होते, निळे, नारिंगी, त्यांना हात जोडावेत असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. सरही मान खाली घालून बसले होते.

मग बाबा उठले. मला वाटलं, चहाचं सांगायला उठले असतील. त्यांनी सरळ वहिनींच्या हातातला माइक घेतला. आयुष्यात कधी माइकवर बोललेले नाहीत, त्यामुळे तो तोंडाला चिकटवूनच बोलले आणि आवाज पार नाक्यापर्यंत गेला.

"मला साखर हाय."

कोणाला कळेना काय म्हणतायत.

"वरीस होऊन गेलं. मी कोनाला बोललो नाय. लोक म्हनतील, ह्या काटकीला कसली साखर? पन बारीक मानसाला पन होते. माज्या पेशी काय मेल्या नायत. दमल्यात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आनि काय काय इसरल्यात. तर आता सगल्यांनी तिकडं टेबलाव जायचं. पयला मी जातो."

माइक तसाच वहिनींच्या हातात देऊन ते टेबलाशी गेले आणि सिस्टरांपुढे बोट धरलं. त्यांच्यामागे काकी गेल्या, बाही वर सारून. सिस्टर म्हणाल्या, बोट पुरे, दंड नको. मग फ्लेक्सवरचे ते गॉगलवाले गेले, आजोबा गेले, आणि थोड्या वेळात रांग शाळेच्या व्हरांड्याला वळसा घालून गेली. काही जणांची साखर वाढलेली निघाली. त्यात एक-दोघं बाबांइतकेच बारीक होते. त्यांना बाबा बाजूला घेऊन समजावत होते. काय सांगत होते ते ऐकू येत नव्हतं, पण हातानं भाकरीचा आकार दाखवत होते.

आईनं सरांना जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. सर तीन भाकऱ्या खाऊन गेले आणि बाबा आपल्या एका भाकरीपुढे बसून त्यांच्या ताटाकडे बघत राहिले.

पुढे त्या नमुन्यांतून आमच्या हाती जे लागलं ते फ्लेक्सवर लिहिण्यासारखं नव्हतं. चाळणी घट्ट करून, जोड काढून टाकल्यावर, निळ्या ढगाच्याच एका कडेला काही बीटा पेशी अशा दिसल्या, की ज्यांचं इन्सुलिन उतरत चाललं होतं आणि पेशी स्वतःला सांभाळायला करते ती कामं वाढली होती. इतरांनीही असं पाहिलेलं आहे. आमचंही तसंच दिसतं, एवढंच आम्ही म्हणू शकलो. मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "हे तर तू मला शेंगा सोलताना सांगितलंस." बरोबर होतं त्यांचं. फक्त तेव्हा मी वाचलेलं सांगत होते, आता स्वतः बघितलेलं सांगत होते.

आता दर काही महिन्यांनी मी त्यांना शहापूरला रक्त तपासायला घेऊन जाते. मी वाशिंदहून पोचते, ते मुरबाडहून एसटीनं येतात, उपाशीपोटी, पण इस्त्रीचा सदरा घालून. पहिलं रक्त दिलं की खाऊन दोन तासांनी दुसरं द्यायचं असतं. हा नियम त्यांना फार पटलेला आहे. "डॉक्टरांनीच सांगितलंय, खाऊन या," असं म्हणत ते वडापावच्या गाडीकडे वळतात. मी म्हणते, रोज खाता तेवढंच खायचं, तर खरा आकडा कळतो. मग आमची घासाघीस होते. गेल्या वेळी एक वडा, पाव अर्धा, आणि वर बिनसाखरेचा चहा, यावर ठरलं. उरलेला अर्धा पाव त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मग आम्ही बाजारातून फिरलो. त्यांनी कोयत्याला मूठ घेतली, आईला बांगड्या घेतल्या, दुकानदाराला माझी ओळख करून दिली. "लॅबमध्ये असते," एवढंच म्हणाले. दुकानदार लगेच म्हणाला, "मग ताई, माझं जरा रक्त..."

"ती तसली लॅब नाय," बाबा म्हणाले आणि काउंटरवर कोपर टेकून त्याला बेटांपासून सांगायला लागले. मी घड्याळ दाखवलं तरी थांबेनात. शेवटी मी दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं, आणि आम्ही दुसरं रक्त द्यायला निघालो.